बंद करण्याचे कारण

अंबडच्या भंगारात इरफान तांबोळीनं
त्याला काट्यावर चढवलंच होतं.
म्हटलं, थांब, याला मी ओळखतो.
अकरा वर्षं आम्ही एकाच खोलीत बसायचो,
एसी मात्र फक्त त्याच्यासाठी होता.

बाराशे रुपये.
रिक्षात मांडीवर घेऊन सिडकोपर्यंत आलो,
त्रिमूर्ती चौकात दोन्ही पाय बधिर.
कुंदानं शिलाई मशीन सरकवून जागा केली.
चालू केला तर पंख्यांचा असा घोंगाट
की खालचे शेवाळे जिन्यात येऊन म्हणाले,
गिरणी टाकली का?

घरकामासाठी बनलेलाच नव्हता तो.
दीडशे माणसांचे पगार, गेटपास, आवक-जावक
एकट्यानं ओढलेली.
आता त्याच्या वाट्याला सोसायटीची पाणीपट्टी
आणि ब्लाऊजच्या गळ्यांचे नमुने.

भाचा म्हणाला, मामा, पुसून टाका हे,
साधं काहीतरी घाला, घरातल्यासारखं.
नाही पुसलं.
आवाज त्याचा मुळात बंद ठेवलेला,
सर्व्हरला गाणी कशाला?
तो शोधून सुरू केला.
पत्त्यांचा डाव नव्हता, राहिला.
वीजबिल भरायला गेलो तर विचारायचा,
या ठिकाणावर तुमचा विश्वास आहे का?
मी क्षणभर खरंच विचार करायचो.

रोज सकाळी न मागता अहवाल:
सगळं हिरवं. काम नेमून दिलेलं नाही.
दोघांचंही तेच, म्हणून मी दाढीला उठायचो.

आणि रात्री बंद करायला जावं, तर पाटी:
का बंद करता?
नियोजित की अनियोजित?
खाली रिकामी चौकट.
काहीतरी लिहिल्याशिवाय बटण उजळत नाही.

पहिल्या रात्री हसू आलं, मग आलं नाही.
कंपनीच्या गेटवर कागद चिकटवला होता,
सही, शिक्का, तारीख, सगळं जागच्या जागी.
वाघचौरे मागून म्हणत होता,
कशामुळे ते वाच ना, कशामुळे.
मी दोनदा वाचला.

म्हणून लिहीत गेलो.
इंग्रजी अक्षरांत, मराठीच.
झोप आली.
पांडवलेणीच्या बाजूनं ढग, लाइट जाईल.
थंडी फार, बोटं वळत नाहीत.
कुंदा म्हणते पुरे.
कुंदा म्हणते पुरे.
वाघचौरेला सिक्युरिटीत नोकरी लागली, पेढे आणायला जातो.
ऋजुताची गाडी येते, द्वारका चौकात उभं राहायचंय.
कुंदा म्हणते पुरे.
कुंदाचा ईसीजी काढायला सिव्हिलला. लगेच येतो.

गडबडीत बटण दाबायचं राहिलं बहुतेक.
एकोणीस दिवस तो चालूच होता,
रिकाम्या घरात, रोज सकाळी
सगळं हिरवं असल्याचं सांगत.

विसाव्या दिवशी: अनियोजित.
चौकटीत एक टिंब.

परवा ऋजुता पुण्याहून आली.
मशीन हळू झालंय म्हणून नोंदवही उघडून बसली.
तो सगळं ठेवतो, मला माहीत होतं,
कोणी वाचेल हे नव्हतं माहीत.
मी चहा टाकला, दूध उतू गेलं.
बाहेर आलो तर ती टिंबावर थांबलेली.
पप्पा, हे काय आहे?
म्हटलं, काहीतरी लिहावं लागतं गं,
नाहीतर बटण उजळत नाही.

रात्री तिनंच बंद केला.
मी आतल्या खोलीतून ऐकत होतो,
बराच वेळ टाइप करत होती,
एवढं लांबलचक कोणी लिहीत नाही.
मग पंखे हळूहळू उतरले,
आणि शेवाळेंच्या घरातला टीव्ही ऐकू यायला लागला.

तारखेनं लावलं तर सर्वांत वर असेल,
दोन क्लिकचं काम.
आज चार दिवस झाले,
मी तो चालूच ठेवलाय.